सँपल लाए हो?

दिल्लीतला प्रत्येक बाजार आशियातला सर्वांत मोठा असतो. काश्मिरी गेटचा मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार, कीर्तिनगरचा लाकूडबाजार, मायापुरीचा भंगारबाजार, खारी बावलीचा मसाल्यांचा बाजार, आझादपूरची मंडई, सगळे आशियात पहिले. चीन आणि जपान आशियातच आहेत ही बातमी इथे अजून पोचलेली नाही, आणि ती सांगायला जाण्यात अर्थही नाही. कारण दावा खोटा असला तरी आत्मविश्वास खरा आहे. "ही वस्तू म्हणजे काय असतं?" असं दिल्लीच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला विचारलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. वस्तू माहीत असो वा नसो, आधी "मिल जाएगा" येतं. मिळणार नसेल तर "बन जाएगा". आणि मग काउंटरवर दोन्ही हात टेकून, आवाज जरा खाली आणून तो खरा प्रश्न विचारतो: "सँपल लाए हो?"

या प्रश्नाशी आमचा संबंध आला तो कर्नलसाहेबांमुळे. कर्नलसाहेब मूळचे साताऱ्याकडचे. निवृत्तीनंतर गावी न जाता त्यांनी गुडगावच्या पुढे सोहन्याजवळ, अरवलीच्या पायथ्याशी थोडी जमीन घेतली. त्या जमिनीत गहू येत नाही, मोहरी येत नाही, पण गवत मात्र पावसाळ्यात कमरेएवढं वाढतं. शहाणा माणूस अशा वेळी चार मजूर आणि चार विळे आणतो. कर्नलसाहेबांनी एका लिलावातून घोड्याने ओढायचं गवत कापण्याचं यंत्र आणलं.

"राव, नुसतं भंगाराच्या भावात मिळालं!" ते फोनवर म्हणाले.

ते भंगाराच्या भावात मिळालं याचं कारण ते भंगार होतं. दोन जडशीळ लोखंडी चाकं, त्यांच्यामध्ये गिअरची पेटी, वर भोकाभोकांची लोखंडी बैठक, पुढे दोन घोडे जुंपायचा लांब लाकडी दांडा (म्हणजे दांड्याचा उरलेला भाग), आणि उजव्या बाजूला जमिनीलगत आडवी जाणारी पाच फुटांची पट्टी. गंज खरवडल्यावर गिअरच्या पेटीवर अक्षरं उमटली: मॅककॉर्मिक-डीअरिंग, शिकागो. कर्नलसाहेबांनी त्या अक्षरांना सॅल्यूट करायचंच काय ते बाकी ठेवलं.

आता या यंत्राचं मर्म असं, की त्याला इंजिन नाही. घोडे चालले की चाकं फिरतात, चाकांनी गिअर फिरतात, गिअरने एक छोटं चक्र गरगर फिरतं आणि त्या चक्राला जोडलेला लाकडी दांडा, ज्याला पिटमन म्हणतात, तो त्या पाच फुटी पट्टीतलं पातं डावी-उजवीकडे सपासप हलवतो. चाकाच्या तुंब्यात एक खटका असतो. घोडे मागे सरले तर तो नुसता टकटक वाजतो आणि गिअर उलटे फिरू देत नाही. रहाटाच्या अशाच खटक्याला इकडे कुत्ता म्हणतात. घोड्याच्या यंत्रातला कुत्ता शाबूत निघाला. बाकी जवळपास काहीच शाबूत नव्हतं.

अशा यंत्राचे भाग दिल्लीत मिळत नाहीत याला नीट कारण आहे. दिल्लीच्या आसपास गवत वाळवून साठवण्याची रीतच फारशी नाही. हरियाणातली म्हैस गव्हाचा भुसा खाते, त्याला तिथे तूडी म्हणतात, आणि वर बरसीम नाही तर ज्वारीची हिरवी चरी. वाळलं गवत हा मुख्यतः लष्करी घोड्यांचा आणि खेचरांचा मामला. त्यासाठी इंग्रजांनी लष्करी कुरणं राखली, दुधासाठी गोठे काढले. पहिलं मिलिटरी फार्म 1 फेब्रुवारी 1889 रोजी अलाहाबादला सुरू झालं आणि हा सगळा विभाग 31 मार्च 2021 रोजी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये समारंभपूर्वक बंद झाला. मधल्या काळात वर्षाला सरासरी साडेतीन कोटी लिटर दूध आणि 25,000 टन वाळलं गवत असा त्याचा हिशेब सरकारनेच निरोपाच्या वेळी मांडला. पंचवीस हजार टन गवत कापणारं खातं बंद झालं, मग एका माणसाच्या चार गंजींसाठी सुटे भाग कोण ठेवणार?

वैरणीला हसू नये, हे तरी मराठी माणसाला सांगायला नको. घासदाणा नावाचा कर वसूल करणारी आपली माणसं. 1760 साली भाऊसाहेब दिल्लीत आले तेव्हा पैशाची एवढी चणचण होती की लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून त्याची नाणी पाडावी लागली. पुढे पानिपतावर कोंडी झाली तेव्हा माणसांच्या आधी घोडे उपाशी पडले. आणि हे पानिपत आता सरकारी नकाशात एनसीआरमध्ये मोडतं, म्हणजे इथल्या मराठी माणसाचं पानिपत रीतसर कार्यक्षेत्राच्या आतच होतं.

कायद्याच्या बाजूने मात्र कर्नलसाहेब एकदम सुरक्षित होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये हुकूम काढला की दिल्ली परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल वाहनं चालवायची नाहीत, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आमच्या सोसायटीतल्या चकचकीत डिझेल गाड्या त्या हुकमाने म्हाताऱ्या ठरल्या. हे यंत्र मात्र त्या गाड्यांच्या मालकांच्या आजोबांच्या वयाचं, आणि त्याला ना नंबरप्लेट, ना प्रदूषणाचं सर्टिफिकेट. "माझं वाहन बीएस-शून्य आहे," असं कर्नलसाहेब अभिमानाने सांगत.

तर आम्ही मोरी गेटला गेलो. ट्रॅक्टरच्या भागांसाठी ही जागा नामांकित. दुकानं इतकी अरुंद की दुकानदार आत बसला की माल बाहेर ठेवावा लागतो. कर्नलसाहेबांनी फोटो दाखवला. दुकानदाराने तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, आडवा केला.

"ट्रॅक्टर कौनसा है?"

"ट्रॅक्टर नहीं है. घोडे से चलता है."

"कितने एचपी का?"

"दो," कर्नलसाहेब म्हणाले.

दुकानदार विचारात पडला. "दो एचपी में तो पावर वीडर भी नहीं आता, सर जी." मग त्याने पोऱ्याला हाक मारली आणि पोऱ्याने आतून एक मोठं, बाकदार पातं आणून ठेवलं. ते कडबाकुट्टीचं होतं. पुढच्या दुकानातही तेच, त्याच्या पुढच्याही. "घास काटने की मशीन" म्हटलं की उत्तर भारताच्या डोळ्यांपुढे कडबाकुट्टीच येते, तिचं पातं प्रत्येकाकडे तयार असतं. (बेळगावात सायकलीचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवातीला जे बनवायला घेतलं ते कडबा कापण्याचं यंत्रच, मग लोखंडी नांगर, आणि 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी आधी नांगर घेईनात. लोखंडाला विश्वास मिळवायला वेळ लागतो, गंज मिळवायला लागत नाही.)

शेवटी एका दुकानाच्या मागच्या अंधारातून एक वयस्कर सरदारजी बाहेर आले. त्यांनी फोटो बघितला नाही. "पत्ती की चौडाई?" एवढंच विचारलं. कर्नलसाहेबांनी खिशातून मूळ यंत्राचं एक मोडकं त्रिकोणी पातं काढलं. सरदारजींनी मागे हात घातला आणि तस्संच दुसरं काढून शेजारी ठेवलं. रुंदी तीन इंच. भोकंही जुळत होती.

"कंबाइन की पत्ती है जी."

हे मला अजूनही थोर वाटतं. पंजाबात नाभ्याला बनणारं आणि हरियाणाभर गहू कापत फिरणारं हे भलंमोठं कंबाइन हार्वेस्टर, त्याच्या जबड्यातलं पातं आणि आमच्या घोडायंत्राचं पातं एकाच मापाचं. ही दातेरी पट्टी, बोटांमधून डावी-उजवीकडे पळणारी, ओबेड हसी नावाच्या अमेरिकनाने 1833 च्या अखेरीस पेटंट केली. पुढच्याच वर्षी सायरस मॅककॉर्मिकने आपल्या कापणीयंत्राचं पेटंट घेतलं आणि खरा शोध कुणाचा यावरून दोघे पुढे वर्षानुवर्षं भांडले. भांडण विसरलं गेलं, पातं राहिलं. मोटारीचं मॉडेल तीन वर्षांत बदलतं आणि तिच्या आरशाची काच मिळेनाशी होते. इथे वाफ गेली, घोडे गेले, डिझेल आलं, तरी तीन इंच तीनच राहिले.

पण कंबाइनच्या पात्याला करवतीसारखे बारीक दाते असतात. गव्हाच्या कडक काडीला ते ठीक. ओल्या लवलवत्या गवताला साधी, गुळगुळीत, घासून धार लावता येणारी कड बरी. म्हणून आम्ही मेरठला गेलो.

मेरठच्या कात्र्यांना 2013 साली भौगोलिक मानांकन मिळालं. धंदा साडेतीनशे वर्षांचा असल्याचं सांगतात. माल कुठून येतो? मोटारी, बस, रेल्वे यांच्या भंगारातलं चिवट पोलाद, तेच तापवून, ठोकून पातं. तिथली म्हण आहे, "दादा ले, पोता बरते". आजोबाने घ्यावी, नातवाने वापरावी. ही म्हण ऐकून कर्नलसाहेब इतके हळवे झाले की भाव करायचे विसरले.

कारागिराने आमचं त्रिकोणी पातं हातात घेतलं, अंगठ्यावर फिरवलं आणि विचारलं, "दूसरी पत्ती किधर है?"

"दुसरी नाही. हे एकच असतं," कर्नलसाहेब म्हणाले.

"एक पत्ती से कुछ नहीं कटता, साहब."

ज्या माणसाने हे यंत्र आयुष्यात पाहिलं नव्हतं त्याने एका वाक्यात त्याचा रोग सांगितला. पट्टीवर पुढे आलेली जी लोखंडी बोटं असतात त्यांच्या पोटात एकेक छोटी पोलादी पट्टी बसवलेली असते. हलतं पातं त्या पट्टीवरून सरकतं आणि दोघांमध्ये गवत कापलं जातं. म्हणजे हे यंत्र ओळीने लावलेल्या कात्र्याच आहेत, अर्धी कात्री हलणारी, अर्धी स्थिर. कर्नलसाहेबांनी सगळं लक्ष हलणाऱ्या अर्ध्यावर दिलं होतं. स्थिर अर्ध्याची धार नाण्याच्या कडेसारखी गोल झाली होती. कारागिराने दोन्ही बनवून दिल्या. कारखान्याचा कॅटलॉग, यूट्यूब आणि कर्नलसाहेबांचा इंजिनिअर भाचा या तिघांना जे सुचलं नाही ते या माणसाला सुचलं, कारण तो यंत्राचा विचार करत नव्हता, कापण्याचा करत होता.

पिटमनचं प्रकरण वेगळं. तो लाकडाचाच हवा. पातं दगडात अडकलं तर काहीतरी मोडायला हवं, आणि महागडा गिअर मोडण्यापेक्षा स्वस्त लाकूड मोडलेलं बरं, असा त्यामागचा विचार. अमेरिकेत तो हिकरीचा किंवा ॲशचा असे. आम्ही कीर्तिनगरला शिसवीचा करून घ्यायचं ठरवलं. सुताराने माप घेतलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "ऐसा बना के दूँगा कि सात पुश्त नहीं टूटेगा."

"टूटना चाहिए," कर्नलसाहेब म्हणाले.

"जी?"

"वक्त आने पर टूटना चाहिए."

सुताराने माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. दिल्लीच्या कारागिराला "हे मोडलं पाहिजे" असं सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असणार. थोडा वेळ तो गप्प राहिला, मग त्याचा चेहरा खुलला. "तो ऐसा बोलो ना, सर जी. वो तो शाम तक हो जाएगा!"

आणि मग गिअर. गिअरच्या पेटीतला छोटा तिरक्या दातांचा बेव्हल गिअर, त्याचा एक दात तुटलेला. गाझियाबादेतल्या एका ओतकामवाल्याकडे आम्ही गेलो. त्याने तो प्रश्न विचारला आणि आम्ही मोठ्या अभिमानाने सँपल काढून दिलं. ठरल्या दिवशी नवा गिअर मिळाला. काळा, खरखरीत, वजनदार. आणि जुन्यात ज्या जागी दात तुटलेला होता त्याच जागी नव्यातही तुटलेला. अगदी तुटल्याची खरबरीत कडसुद्धा हुबेहूब उतरली होती. मालकाला विचारलं तर तो मनापासून दुखावला. "आपने जो सँपल दिया, वही बनाया. एक बाल का फर्क हो तो बताओ."

फरक मात्र होता, आणि तो जास्त वाईट होता. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. म्हणून नमुन्याचा लाकडी साचा मुद्दाम मोठा करायचा असतो. जुनाच भाग वाळूत दाबून साचा घेतला की नवा भाग लहान होतो. त्याच्यावरून तिसरा केला तर तो आणखी लहान. सँपलवरून सँपल करत गेलं तर काही पिढ्यांनी कर्नलसाहेबांचा गिअर खमंग काकडीत पडला असता तरी कळला नसता. या देशात नक्कल करताना वस्तू थोडी थोडी का आकसते याचा मी बराच काळ विचार करत होतो. धातुशास्त्रात त्याचं उत्तर असेल असं वाटलं नव्हतं.

अमेरिकेतून मागवावा, असा एक पर्याय होता. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोमधले आमिश लोक अजून घोड्यांनीच शेती करतात, त्यांच्याकडे ही यंत्रं रोज चालतात आणि त्यांच्यासाठी नवे भागही बनतात. पण गिअरच्या किमतीपेक्षा त्याचा विमानप्रवास महाग. आणि कस्टमचं दरपत्रक चाळताना कर्नलसाहेबांचा धीर सुटला. 8433 या एकाच मथळ्याखाली गवत कापायची यंत्रं, कंबाइन, गठ्ठे बांधायची यंत्रं आणि अंडी निवडून प्रतवारी लावायची यंत्रं एकत्र आहेत. "राव, उद्या अधिकारी मला विचारेल, हे अंड्यांचं की घोड्यांचं?" शेवटी सोहन्यातल्या एका वेल्डरने जुन्याच गिअरला पितळ भरून दात चढवला आणि कानशीने घासून आकार दिला. त्याने सँपल मागितलं नाही. शेजारचे दात बघितले.

यंत्र उभं राहिलं. प्रश्न उरला घोड्यांचा. यंत्र जोडीचं. कर्नलसाहेबांकडे एक निवृत्त पोलोचा घोडा होता. दुसरा कुठून आणायचा? 2010 साली महानगरपालिकेने जुन्या दिल्लीतले टांगे बंद केले, तेव्हापासून ओढण्याची सवय असलेला घोडा मिळणं अवघड. उरल्या त्या वरातीच्या घोड्या. लग्नाचे मुहूर्त नसतात त्या महिन्यांत त्या मोकळ्याच असतात. कानपुरी सरंजाम चढवून एक पांढरी घोडी पोलोवाल्याच्या शेजारी जुंपली.

या यंत्राची एक अट असते. घोडे एका चालीने चालले पाहिजेत. ते मंदावले की पातं मंदावतं आणि गवत कापलं न जाता पट्टीत गुंततं. पोलोचा घोडा लगाम सैल होताच चेंडूच्या मागे निघाल्यासारखा उसळला. घोडीचा आयुष्यभराचा रियाज मात्र निराळा. दहा पावलं चालायचं, मग थांबायचं, कारण पुढे मंडळी नाचतात. मंडळींचं नाचून झालं की पुन्हा दहा पावलं. त्या माळावर बँड नव्हता, नवरदेव नव्हता, पण दहा पावलांवर ती थांबली. पोलोवाला थांबेना. यंत्र गोल फिरलं आणि कर्नलसाहेबांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक सुबक वर्तुळ कापलं. सोहन्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांनी गाड्या थांबवून व्हिडिओ काढले. एकाने विचारलं, "शूटिंग है क्या?"

दिल्लीत हे दृश्य अगदीच अनोखं नव्हतं म्हणा. सरकारी हिरवळींवर बैल जुंपून लॉन कापण्याची पद्धत इथे कितीतरी वर्षं होती. परदेशी पाहुणे त्याचे फोटो काढून नेत. विलायतेत 1830 साली एडविन बडिंगने लॉन कापायचं यंत्र काढल्यानंतर त्याची मोठी रूपं घोड्यांनी ओढायला लागली आणि खुरांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्या घोड्यांना चामडी बूट घालत. आपल्या बैलांना कोणी बूट घातल्याचं ऐकिवात नाही. बैलांची मात्र कधी तक्रार नव्हती, आणि मुख्य म्हणजे ते वरातीत जात नव्हते.

पण उगाच नावं ठेवायला नकोत. दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांनी मोबाइलवर बँडची एक धून लावून दिली, ती थांबू न देता. घोडी चालू लागली ती बांधापर्यंत. गवत एका बाजूला सरळ रांगेत आडवं पडत गेलं. शिसवीचा पिटमन एका दगडावर मोडला, गिअर वाचला, सुताराचा शब्द खरा झाला. पितळी दात मात्र फार काळ टिकणार नाही. पितळ मऊ, लोखंड कठीण, आणि तो रोज थोडा थोडा झिजतो आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. कुठल्या जुन्या संस्थानच्या पागेत, कृषी महाविद्यालयाच्या आवारात, साखर कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये दोन लोखंडी चाकांचं, भोकाच्या बैठकीचं असं यंत्र पडलेलं दिसलं, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्याच्या प्रत्येक ओतीव भागावर उठावाने दिलेला नंबर वाचून लिहून ठेवा. शिकागोच्या लोकांनी तो त्यासाठीच ओतून ठेवला आहे. आम्हाला छोटा बेव्हल गिअर हवा आहे, सगळे दात असलेला, बसवण्यासाठी. सँपल आमच्याकडे पुष्कळ आहेत. घोडा आणि घोडीही आहे. लग्नसराईत मात्र नुसता घोडा असतो.